अर्जावरची पहिली सही

वर्तकनगर, ठाणे
१० नोव्हेंबर २०२४

चि. धम्मपाल,
जय भीम.

तुझा पत्ता प्रीतीने दिला. तिला ओरडू नकोस. मी टिटवाळ्याला जाऊन तिच्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसले तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं. म्हणाली, दादाचे उपचार कधीच संपलेत, पण तो त्या व्यसनमुक्ती केंद्रातच स्वयंपाकाला राहिलाय आणि फोन त्याने मुद्दाम घेतलेला नाही. ऑफिसात फोन करून तुला बोलावता येतं म्हणे. पण मग तिकडे चार माणसं कान लावून उभी आणि इकडे तुझे बाबा. त्यापेक्षा पत्र बरं. तीन वर्षांनी मुलाला काय लिहायचं हे काही सुचत नाही, म्हणून बिल्डिंगमधल्या गप्पा लिहिते. त्या मला कधीही सुचतात.

हे पत्र मी समोरच्या सरोजताईंच्या डायनिंग टेबलावर बसून लिहितेय. त्या आता शाळेतून रिटायर झाल्या, पण लाल पेन अजून हातात असतं, त्यामुळे मी कागद हाताने झाकून घेतलाय. बाबांना यातलं काही माहीत नाही. घरात तुझं नाव काढायचं नाही हा त्यांचा नियम अजून आहे आणि मी तो पाळते, म्हणजे घरात पाळते.

तर खाली झेरॉक्सवाला होता ना, त्या गाळ्यात दवाखाना उघडलाय. हिरवी पाटी, 'विजया चिकित्सा केंद्र'. आम्हाला वाटलं विजया हे डॉक्टरीणबाईंच्या आईचं नाव असणार. उद्घाटनाला सगळ्या बायका गेलो, पेढे खाल्ले, तिला म्हटलं आई भाग्यवान हो तुझी. तिसऱ्या मजल्यावरच्या पोराने संध्याकाळी मोबाइलमध्ये बघून सांगितलं, "काकू, विजया म्हणजे भांग! आपल्या बिल्डिंगखाली ऑफिशियल माल, लायसन्सवाला. फुल सीन आहे." खाल्लेले पेढे आठवून दोन-तीन जणींना तिथल्या तिथे चक्कर आली. पेढे चितळ्यांच्यासारखे साधे मलईचे होते, पण सांगणार कोण.

डॉक्टरीण तशी नीट वाटते. वैद्य देवयानी नाव, डोंबिवलीहून येते, तुझ्यापेक्षा थोडी लहान असेल. भांगेच्या पानाचं तेल आणि गोळ्या देते, सरकारी परवाना भिंतीवर चौकटीत लावलाय. जुनी दुखणी, झोप न लागणं, कॅन्सरच्या पेशंटच्या उलट्या, असल्या गोष्टींसाठी. तपासल्याशिवाय आणि आधीच्या डॉक्टरचे कागद बघितल्याशिवाय कोणाला काही देत नाही म्हणते.

पण बिल्डिंगला कोण समजावणार? चेअरमन गुरुदत्त प्रधान म्हणाले, "उद्या फ्लॅट विकायला काढला तर गिऱ्हाईक खालची पाटी वाचूनच परत जाईल." सरोजताई त्यांना म्हणाल्या, "प्रधान, महाशिवरात्रीला तुमच्या घरी थंडाई घोटतात, ती आम्ही पाहिलेली आहे." तर म्हणाले, "तो प्रसाद आहे हो." दुसऱ्या मजल्यावरची रसिका मात्र रडकुंडीला आली होती. तिचा मुलगा नववीत आहे. ती म्हणाली, "तेल असो नाहीतर गोळी, तो शब्द माझ्या मुलाला रोज जिन्यात दिसणार. आज औषध म्हणेल, उद्या मित्र दुसरं काही देतील." सगळे तिला घाबरट म्हणून हसले. मी नाही म्हटलं. मला का हसू येईल?

बाबा बरे आहेत. मध्ये छातीवर नागीण उठली होती, ती वाळली. जेवतोस ना नीट?

तुझी आई

२४ नोव्हेंबर २०२४

चि. धम्मपाल,

उत्तर आलं नाही. राहू दे, मी काही हिशोब ठेवत नाही.

खालच्या दवाखान्याविरुद्ध सोसायटीने महापालिकेला द्यायचा अर्ज तयार केलाय. प्रधान तो टाइप करून घेऊन घरी आले आणि म्हणाले, "पहिली सही बाबुरावांची. वर्तकनगरमध्ये तुमच्या सहीला वजन आहे." खरंच आहे ते. तू लहान होतास, तुला धूसर आठवत असेल. चाळीच्या मागे हातभट्टी चालायची, तेव्हा वागळे इस्टेटची पाळी संपवून बाबा आणि विहारातली माणसं तिथे जाऊन उभी राहायची. दारूने भरलेल्या टायरच्या ट्यूबा बाबांनी स्वतः सुरीने फाडल्या होत्या. अंगाला तो वास आठवडाभर होता आणि मी त्यांना अंथरूण वेगळं दिलं होतं. त्यानंतर आपल्या वस्तीत पुष्कळ बायकांच्या घरी पगार नीट पोचू लागला. त्या बायका अजून बाबांना रस्त्यात थांबून जय भीम करतात.

बाबांनी अर्ज दोनदा वाचला आणि सही केली. म्हणाले, "पंचशीलातलं पाचवं काय सांगतं? नशेचा कुठलाही पदार्थ घेणार नाही. बाटलीत भरला आणि पाटी लावली म्हणून तो बदलतो का?" त्यांच्याखाली मी सही केली. तुझ्या आईने नाही करायची तर कोणी करायची? माझ्याखाली सरोजताईंनी केली.

आता एक सांगते. मागच्या वेळी लिहिलं नव्हतं. ही सही बाबांनी उघड्या अंगाने केली. प्रधानांसमोर, भर दुपारी. तुला माहीत आहे, ते कधी दारात बनियनवरही जायचे नाहीत. नागीण वाळली हे खरं, पण तिचं दुखणं राहिलंय. डाव्या बाजूला, छातीपासून पाठीपर्यंत. कापडाचा स्पर्श झाला तरी आग होते, पंख्याचा वारा लागला तरी दचकतात. ऑगस्टपासून अंगात सदरा घातलेला नाही. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी नसांच्या गोळ्या दिल्या, त्याने तोल जातो, एकदा बाथरूममध्ये पडले. डोस कमी केला की दुखणं परत. डॉक्टर म्हणाले, काहींचं महिन्यांत जातं, काहींचं राहतं. खुर्चीवर पाठ न टेकता ताठ बसून असतात. झोप अशी नाहीच. आणि कोणी विचारलं की म्हणतात, "ठीक आहे."

मीही तुला तेच लिहिलं होतं. या घरात ते वाक्य फार स्वस्त झालंय.

आई

८ डिसेंबर २०२४

चि. धम्मपाल,

तुझं कार्ड आलं. 'मी बरा आहे. बाबांना चांगल्या डॉक्टरला दाखव.' एवढंच, पण अक्षर सुधारलंय तुझं. सरोजताईंना दाखवलं, त्यांनी दहापैकी सात दिले.

सहा डिसेंबरला बाबा चैत्यभूमीला गेले नाहीत. करोनाचं वर्ष सोडलं तर लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. पांढरा सदरा इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेला, तो त्यांनी घालून बघितला, एक बाही घातली आणि तसेच उभे राहिले. मी म्हटलं, "अहो, शाल घ्या नुसती." म्हणाले, "बाबासाहेबांसमोर उघडा जाऊ?" मग टीव्हीवर गर्दी बघत बसले. मी दुसऱ्या खोलीत जाऊन रडले. का रडले ते तुला सांगायला नको.

त्या संध्याकाळी सरोजताईंनी मला आत बोलावलं, दार लावलं आणि कपाटातून एक छोटी बाटली काढली. विजया तेल! गुडघ्यांसाठी दिवाळीपासून घेतायत. मी म्हटलं, "ताई, तुम्ही अर्जावर सही केलीत ना?" तर म्हणतात, "रमाबाई, सही शेजाऱ्यांसाठी केली, तेल गुडघ्यांसाठी घेते. तुम्ही शब्द बोलायचा नाही." इतकी वर्षं मुलांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या या बाईने! मला इतकं हसू आलं की नाक शिंकरावं लागलं.

पण मग मी दवाखान्यात गेले. देवयानीला सगळं सांगितलं आणि म्हटलं, मला बाटली दे. ती म्हणाली, "काकू, पेशंट तुम्ही आहात का? मग मी काका बघितल्याशिवाय देणार नाही." मी म्हटलं, ते येणार नाहीत, तुझ्याविरुद्धच्या अर्जावर पहिली सही त्यांचीच आहे. तिला माहीत होतं. म्हणाली, "असू दे. ते आले तर मी बघेन. पण आशा मोठी ठेवू नका. नागिणीचं दुखणं यानं पुसून जात नाही. कमी होईल, झोप लागेल. कदाचित तेवढंही नाही. आणि हॉस्पिटलच्या डॉक्टरांना सांगूनच सुरू करायचं." जो विकणारा आपला माल असा वाईट करून सांगतो, त्याच्यावर मला विश्वास बसतो. वाईट याचं वाटलं की सही मीही केली होती.

बाबांशी बोलले. ऐकून घेतलं आणि "नाही" म्हणाले. मग मी विहारात जाऊन भंतेजींना विचारलं. ते घरीच आले, बाबांसमोर खाली बसले आणि समजावलं, "बाबुराव, आजारी माणसाने औषध घेऊ नये असं भगवंतांनी कुठेही सांगितलेलं नाही. बघायचं इतकंच, मन ते कशासाठी मागतंय. तुमचं मन नशा मागतंय का? नाही. मग शील मोडत नाही." बाबांनी हात जोडले, भंतेजींना दारापर्यंत पोचवलं आणि परत येऊन मला म्हणाले, "नाही."

भंतेजींचंही ऐकत नाहीत, तर मग कोणाचं ऐकणार? मला काही कळत नाही.

आई

१५ डिसेंबर २०२४

धम्मा,

आता मला कळलंय. म्हणून घाईने लिहितेय.

आधी माझं ऐक. सरोजताईंनी त्यांच्या बाटलीतलं थोडं तेल मला डोळ्यांच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत काढून दिलं. म्हणाल्या, "चहात घाला. पुरुषांना औषध असंच द्यायचं असतं. आमच्या ह्यांना मी वर्षभर डाळीतून कारलं दिलं." मी घेतलं. हो, घेतलं. देवयानी त्यांना तपासल्याशिवाय देत नाही म्हणाली होती, तरीही घेतलं. तू त्यांना ताठ बसून घामाघूम होताना बघितलं असतंस तर तूही घेतलं असतंस.

सकाळी बाबा वंदनेला बसतात, चहा त्यानंतर. मी चहा केला, थेंब टाकले, ढवळला आणि कप घेऊन त्यांच्या मागे उभी राहिले. बाबा उघडे बसलेले, पाठ ताठ, आवाज बारीक झालाय पण शब्द स्वच्छ. मी रोज त्यांच्याबरोबर म्हणते, तोंडाला सवयच आहे. पहिलं, दुसरं, तिसरं शील म्हटलं. चौथं आलं, खोटं बोलणार नाही. ते मी म्हणाले आणि हातात कप. पुढचं माझ्या तोंडातून निघेना. एक माणूस उघड्या छातीने पाचवं शील म्हणतोय, आणि मागे त्याची बायको कपात ते मोडायची तयारी करून उभी आहे! मी आत जाऊन चहा बेसिनमध्ये ओतला.

मग त्यांना सांगितलं सगळं. मला वाटलं भडकतील. म्हणाले, "दुसरा चहा कर." प्यायले. बऱ्याच वेळाने, मी भाजी निवडत होते तेव्हा, त्यांनी आपणहून विषय काढला. जसं बोलले तसं लिहिते.

"रमा, भंतेजी चुकीचं सांगत नाहीत. पण भंतेजींनी मुलाला घराबाहेर काढलेलं नाही. मी काढलंय, याच शिलावर. तो म्हणत होता, बाबा, एक संधी द्या, एकदम सुटत नाही. मी म्हटलं नियम म्हणजे नियम. आता मला दुखायला लागलं तर मी नियम सैल करू? त्याला सैल केला नाही आणि स्वतःला करू? त्याला कळलं तर तो काय म्हणेल?"

तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तुझा विषय काढला. नाव नाही घेतलं, 'तो' म्हणाले. मला तेवढं पुरलं.

त्या जयंतीला तू विहारात पिऊन आलास, लहान मुलं रांगेत उभी होती आणि तू त्यांच्या पायांत पडलास, ते मी विसरलेले नाही. त्यांनी तुला काढलं ते बरोबर की चूक, हे मी तेव्हाही बोलले नाही आणि आता या पत्रातही बोलणार नाही. तुम्हा दोघांचं तुम्ही बघा. पण आता गोष्ट अशी आहे की त्यांना डॉक्टर नको, भंतेजी नकोत, मी नको. त्यांना तुझ्याकडून हवंय. ते तोंडाने कधीच मागणार नाहीत. म्हणून मी मागते. त्यांना दोन ओळी लिही. माझ्या नावावर नाही, त्यांच्या नावावर.

खोटं काही लिहू नकोस. राग असेल तर राग लिही. गोड लिहिलंस तर त्यांना लगेच कळेल की आईने सांगून लिहून घेतलंय.

२९ तारखेला सोसायटीची सभा आहे, दवाखान्याचं काय करायचं ते ठरवायला. त्याआधी आलं तर बरं.

आई

२१ डिसेंबर २०२४

बाबा,
जय भीम.

आईने सगळं कळवलं. तिने लिही म्हटलं म्हणून लिहितोय हे खरं आहे, पण काय लिहायचं ते तिने सांगितलेलं नाही.

तुम्ही मला काढलंत त्याचा मला राग आहे. इथे रोज सकाळी सगळ्यांनी गोल बसून बोलायचं असतं. तिथे मी तो राग इतक्या वेळा बोललोय की लोक कंटाळले. एकदा एका वयस्कर माणसाने मला विचारलं, तू का प्यायचास? मी म्हटलं, आत दुखायचं. तो म्हणाला, कुठे ते दाखव. मी खूप वेळ विचार केला. मला दाखवता आलं नाही. कंपनी सुटली की सगळे जायचे, मी पण जायचो. नंतर कोणी गेलं नाही तरी मी जायचो. एवढंच होतं ते. मला काही दुखत नव्हतं, बाबा. तुम्हाला दुखतंय.

या दोन गोष्टी एक नाहीत. तुम्ही त्या एक धरून बसलात, तर माझ्या पिण्याला तुम्ही उगाच मोठं करताय.

आणि तुम्ही सोसलंत म्हणून मला काय मिळणार आहे? माझी तीन वर्षं परत येणार नाहीत. उलट इथे भाकऱ्या थापताना मला वाटत राहणार की माझ्यामुळे घरी एक माणूस उघडा बसलाय. ते ओझं मला नकोय. माझं मला पुष्कळ आहे.

औषध घ्या. माझी परवानगी लागायला नको, पण लागत असेल तर ही घ्या.

मी चौदा महिने प्यायलेलो नाही. पुढचं माहीत नाही, इथे कोणी पुढचं बोलत नाही. पिठलं करायला जायचंय.

धम्मपाल

५ जानेवारी २०२५

चि. धम्मपाल,

तुझं पत्र सभेच्या आदल्या दिवशी आलं. पोस्टमनने बाबांच्याच हातात दिलं. मी स्वयंपाकघरातून बघत होते, पोळी करपली तरी हलले नाही. त्यांनी उभ्यानेच वाचलं. मग खुर्चीत बसले आणि पुन्हा वाचलं. मग मला हाक मारून म्हणाले, "हे तू मोठ्याने वाच." मी वाचायला लागले. 'मला काही दुखत नव्हतं, बाबा' इथे पोचले आणि थांबले. ते म्हणाले, "पुढे वाच. पुढचं वाक्य." ते मी वाचलं. मग म्हणाले, "हा शहाणा कधी झाला?" मी म्हटलं, "तुम्ही विचारलंत का कधी?" त्यांनी पत्र घडी करून चष्म्याच्या केसमध्ये ठेवलं. अजून तिथेच आहे.

मला वाटलं आता गुपचूप दवाखान्यात जातील. पण तुझे बाबा गुपचूप काही करतील तर सूर्य मुलुंडकडून उगवेल. म्हणाले, "आधी सभा."

सभा गच्चीवर होती. बाबांनी सदरा घातला नाही, जुनं मऊ धोतर फाडून मी केलेलं उपरणं उजव्या खांद्यावरून घेतलं, डावी बाजू उघडी. तसेच आले. सगळे बघत राहिले. रसिका खुर्ची सोडून उठली. बाबा म्हणाले, "अर्जावर पहिली सही माझी आहे, ती काढून टाका. मी उद्या या दवाखान्यात पेशंट म्हणून जाणार आहे. ज्याच्यावर बंदी मागायची, त्याच्याच दारात औषधाला जायचं, हे मला जमणार नाही."

प्रधान घाईघाईने जवळ आले आणि हळू आवाजात, पण गच्चीभर ऐकू जाईल असं म्हणाले, "अहो बाबुराव, औषध घ्या की तुम्ही! कोण नाही म्हणतंय? मी तिला सांगतो, घरपोच पाठवेल. सही मात्र राहू द्या." बाबा म्हणाले, "प्रधान, आम्ही भट्ट्या फोडत होतो तेव्हा पण लोक असंच सांगायचे. बाबुराव, तुम्ही विरोध करा, आम्हाला घरपोच येते."

मग काय, गच्चीवर एकच हशा. आणि त्या हशात आमच्या सरोजताई उभ्या राहिल्या आणि शाळेतल्या बाईंच्या आवाजात म्हणाल्या, "माझीही सही काढा. माझे गुडघे दिवाळीपासून खालच्या दवाखान्याच्या औषधावर आहेत." त्यानंतर आणखी दोघांनी कबूल केलं. त्यातले एक प्रधानांचे सख्खे मेहुणे निघाले.

सगळे बदलले असं मात्र नाही. रसिका म्हणाली, "काका, तुम्ही घ्या, तुम्हाला माझा विरोध नाही. पण माझी सही राहणार." बाबांनी तिला सांगितलं, "ठेव. तुझं कारण खरं आहे. माझ्या घरात ते घडलंय." सगळ्यांसमोर म्हणाले, धम्मा. घरात ज्या विषयाला बंदी, तो गच्चीवर सत्तर माणसांसमोर बोलले. मीही माझी सही काढली, पण रसिकाकडे बघून मला जरा वेळ लागला. शेवटी ठरलं असं की दवाखाना राहील, पाटी जिन्याच्या बाजूने काढून रस्त्याच्या बाजूला लावायची आणि शाळेच्या पोरांना आत घ्यायचं नाही. देवयानीला कळवलं तेव्हा म्हणाली, मुलांना ती तसंही घेत नाही. अर्ज मात्र उरलेल्या सह्यांसकट प्रधानांनी पाठवलाच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, सगळे खाली बाकावर बसलेले असतात तेव्हा, बाबा समोरच्या दाराने गेले. मी म्हटलं दुपारी जाऊ, ऊन असलं तरी चालेल. म्हणाले, नाही, लोक असताना. देवयानीने सगळे कागद बघितले, हॉस्पिटलच्या डॉक्टरांना फोन केला, तासभर घेतला. पहिला थेंब घ्यायच्या आधी बाबांनी हात जोडले आणि काहीतरी पुटपुटले. काय ते मी विचारलं नाही.

आता आठवडा होत आला. दुखणं गेलं नाही. बाईने सांगितलं होतं तसंच. पण परवा पंखा लावू दिला. बिल्डिंगमध्ये काही जण पाठीमागे बोलतात, बाबुराव पण शेवटी भांगेला लागले. त्यांच्या तोंडाला कोण लागणार? बाबांना कळलं तर म्हणाले, "बोलू दे. मी पण इतरांना बोलायचो."

तुझी आई

२ फेब्रुवारी २०२५

चि. धम्मपाल यास,
जय भीम.

पत्र लिहायची सवय राहिलेली नाही, म्हणून उशीर झाला.

तुला घराबाहेर काढलं ते चूक होतं असं मी म्हणत नाही. तू पीत होतास आणि ते चालणार नव्हतं. पण तुझं नाव काढायचं नाही हा नियम मी केला, तो जास्त झाला. तो आता रद्द केला आहे. तेव्हापासून तुझी आई दिवसभर तुझंच नाव घेते. भाजीवाल्यालाही सांगते. त्याचा मला थोडा त्रास होतो.

चौदा महिने म्हणजे पुष्कळ आहेत. मी भट्टीवरची माणसं बघितली आहेत, मला ते कळतं. पुढचं बोलायचं नाही हा तुमचा नियम मला पटला.

औषध चालू आहे. दुखतं, पण पूर्वीसारखं नाही. दुपारी झोप लागते आणि गाढ लागते. बेल वाजली तरी ऐकू येत नाही. तुझी आई त्या वेळी विहारात बायकांच्या वर्गाला जाते. दार बंद असेल तर परत फिरू नकोस. एक किल्ली सरोजताईंकडे दिलेली आहे.

बाबा